शुगर एक हजार अठ्ठेचाळीस

फोनवर मी मित्राला सांगत होतो, "आजची शुगर एक हजार अठ्ठेचाळीस आली रे, ठरवली होती बरोबर तेवढीच." बाहेर पेपर वाचत बसलेले बाबा चष्म्यासकट दारात येऊन उभे राहिले. "कोणाची? कुठल्या हॉस्पिटलात आहे?"

माणसाची नाही, बादलीतल्या वर्टची, म्हणजे घरी बिअर करायला माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून) काढलेल्या गोड पाण्याची, हे त्यांना पटवायला पाच मिनिटं गेली. खरा आकडा १.०४८ असतो, बोलताना आम्ही दशांश चिन्ह गिळतो. पाणी म्हणजे १.०००, आणि त्यापेक्षा हा द्रव किती जड आहे ते या आकड्यातून कळतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, आत गेले आणि स्वतःचं ग्लुकोमीटर घेऊन आले. "मग याच्यानेच मोज की. एका थेंबात काम होतं."

मी हसलो, पण रात्री विचार केला तेव्हा सूचना तितकी वेडगळ वाटेना. साखर मोजायची तर साखर मोजायचं यंत्र का नको? अडचण अशी की त्या पट्टीवरचं एन्झाइम ग्लुकोजसाठी बनवलेलं असतं, तेही रक्तातल्या. वर्टमध्ये ग्लुकोज थोडं. निम्म्याच्या आसपास असतं ते माल्टोज, शिवाय माल्टोट्रायोज आणि यीस्ट ज्याला तोंडही लावत नाही असे डेक्स्ट्रिन. ग्लुकोमीटर यातल्या एका लहानशा वाट्याबद्दल बोलणार, बाकीच्यांबद्दल गप्प. पण मग मी जे वापरत होतो ते तरी साखर मोजत होतं का? नव्हतं. हे कळेपर्यंत माझी तीन साधनं घेऊन झाली होती आणि त्यातलं एक फुटलं होतं.

सुरुवात मोजमापाशिवायच झाली. पहिल्या बॅचला माझ्याकडे फर्मेंटर (बिअर आंबवायचं झाकणाचं भांडं) होता, एअरलॉक (आतला वायू पाण्यातून बुडबुडत बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप) होता आणि दांडगा आत्मविश्वास होता. एअरलॉकमधले बुडबुडे थांबले की बिअर तयार, असं मी धरून चाललो होतो. आठव्या दिवशी बुडबुडे थांबले. फेस यावा म्हणून सगळे घालतात तशी मोजून साखर घातली, बाटल्या भरल्या, झाकणं बसवली, सगळ्या कपाटात उभ्या केल्या. सोळाव्या रात्री दोनच्या सुमारास आवाज झाला. मला वाटलं खिडकीची काच गेली. कपाट उघडलं तर खालच्या फळीवरून तपकिरी ओघळ जमिनीवर येत होता, एका बाटलीचा फक्त बूड जागेवर होता आणि तिच्या मानेचा तुकडा वरच्या फळीच्या लाकडात रुतून बसला होता. शेजारच्या बाटल्या तशाच उभ्या, चिकट, काठोकाठ भरलेल्या. त्यांना हात लावायची हिंमत होईना. शेवटी जाड टॉवेल टाकून, हातमोजे घालून, एकेक बाटली बादलीत ठेवून झाकणं सैल केली. प्रत्येक झाकणाबरोबर अर्धी बिअर छताकडे गेली.

यातलं गणित नंतर समजलं. विशिष्ट गुरुत्वाचा (पाण्याच्या तुलनेतल्या जडपणाचा, म्हणजे त्या १.०४८ सारख्या आकड्याचा) एक पॉइंट, म्हणजे १.०१३ वरून १.०१२, एवढी घट बाटलीत बंद असताना झाली तर बिअरच्या आकारमानाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. नेहमीच्या बिअरमध्ये तो अडीचपटीच्या आसपास असतो, आणि तेवढा आणायला मी साखर घातलेलीच होती. त्यावर यीस्टचं चार-पाच पॉइंटचं काम बाकी राहिलं असेल तर आणखी दोन-अडीचपट. साध्या बाटलीला हे झेपत नाही. आणि बुडबुडे? झाकणाची रबरी रिंग नीट बसली नसेल तर आंबणं जोरात चालू असताना एअरलॉक शांत राहतो. उलट खोली तापली की विरघळलेला वायू बाहेर पडतो, आणि आंबणं केव्हाच संपलेलं असताना तो बुडबुडत राहतो. तेव्हापासून एअरलॉककडे मी फक्त शोभेची वस्तू म्हणून बघतो.

म्हणून हायड्रोमीटर घेतला. काचेची नळी, खाली जाड फुगा, त्यात वजनाचे छर्रे, वरच्या बारीक दांडीत गुंडाळून बसवलेली कागदी पट्टी. दूध तपासायचं लॅक्टोमीटर ज्याने पाहिलंय त्याला वेगळं काही सांगायला नको. हा त्याचाच चुलतभाऊ. आर्किमिडीजचं शाळेतलं तत्त्व: तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतका द्रव बाजूला सारते. द्रव जड असेल तर थोडाच सारून भागतं, म्हणून दांडी वर राहते. यीस्टने साखर खाल्ली की द्रव हलका होतो आणि दांडी बुडत जाते.

ऐकायला सोपं आहे. पहिल्याच वापरात मी गोंधळ घातला. उकळून झालेला वर्ट थंड व्हायला ठेवला होता, पण दम निघेना. हाताला कोमट लागल्यावर नमुना काढला आणि हायड्रोमीटर सोडला. १.०४०. पाककृतीत १.०४८ लिहिलेलं. आठ पॉइंट कमी! मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर काढणं, फसला असं समजून मी शंभरेक ग्रॅम सुका माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या अर्काची पूड) ढवळून टाकला. दुसऱ्या दिवशी तापमान नीट उतरल्यावर पाहतो तर १.०५६. मॅश उत्तम झाला होता. चुकलं ते एवढंच की पट्टीवर बारीक अक्षरात '२०° से.' लिहिलं होतं आणि माझा नमुना ४५ अंशांवर होता. तापलेला द्रव पसरतो, हलका होतो, हायड्रोमीटर जास्त बुडतो. ३० अंशांवर साधारण अडीच पॉइंटचा फरक पडतो, ४० वर सहाचा, ४५ वर आठचा. माझे हरवलेले आठ पॉइंट तेच. ती बिअर ठरवल्यापेक्षा पाऊण टक्का कडक निघाली. पाहुण्यांनी तिचीच तारीफ केली हा भाग वेगळा.

दुरुस्तीचे तक्ते मिळतात, आणि ३० अंशांपर्यंत ते बिनदिक्कत वापरावेत. त्याच्यावर गेलं की माझा त्यांच्यावर विश्वास नाही, कारण पातळ नळीतला गरम नमुना वाचेवाचेपर्यंत दोन अंश उतरलेला असतो. नळी पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं उभी करून थंड करणं जास्त सोपं. काही हायड्रोमीटर २० ऐवजी १५.६ अंशांसाठी बनवलेले असतात, पण त्या दोन मापांतला फरक एका पॉइंटपेक्षाही कमी आहे, त्यावर झोप घालवू नये.

वाचायचीही एक सवय लागते. नमुन्यात वायू असतो, त्याचे मोहरीपेक्षा बारीक बुडबुडे फुग्याला चिकटतात आणि सगळं उपकरण वर उचलतात. म्हणून आधी नमुना दोन भांड्यांत वरखाली ओतून वायू घालवायचा आणि सोडताना दांडीला दोन बोटांनी भिंगरीसारखी गिरकी द्यायची. स्थिरावलं की खाली वाकून डोळे पातळीच्या रेषेत आणायचे. काचेलगत द्रव किंचित वर चढलेला दिसतो. तो चढाव सोडून सपाट पातळी जिथे दांडीला छेदते तिथे वाचायचं. वरून उभ्याउभ्या बघितलं तर दोन पॉइंट सहज इकडचे तिकडे होतात. आणि नळी पुरेशी रुंद हवी. माझी पहिली नळी इतकी अरुंद होती की फुगा कडेला टेकून बसायचा, आणि टेकलेला हायड्रोमीटर जिथे टेकला तिथलाच आकडा सांगतो.

पहिला हायड्रोमीटर तीन महिने टिकला. टेबलावर आडवा ठेवला होता, घरंगळला. तो फुटला नाही असा घरी बिअर करणारा माझ्या तरी पाहण्यात नाही. दुसरा आणला तो आल्याआल्या साध्या पाण्यात सोडून पाहिला, आणि ०.९९७. आतली कागदी पट्टी चिकटवताना किंवा प्रवासात सरकली असणार. परत करायच्या आधी एक गोष्ट करून पाहिली, जी आता प्रत्येक नव्या साधनावर करतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर २५ ग्रॅम साखर आणि २२५ ग्रॅम पाणी मोजून विरघळवलं. हे वजनाने दहा टक्क्यांचं द्रावण झालं, म्हणजे प्लेटो नावाच्या मापात १० अंश, म्हणजे २० अंश तापमानाला १.०४०. हायड्रोमीटर म्हणाला १.०३७. दोन्हीकडे तीनच पॉइंट कमी, याचा अर्थ मापं बरोबर आहेत, पट्टी फक्त सरकली आहे. दोन ठिकाणी वेगवेगळी चूक आली असती तर तो टाकूनच द्यावा लागला असता. याच्या डबीवर '+३' लिहून ठेवलं आणि दोन वर्षं तोच वापरतोय.

एक कुरकूर मात्र राहिली. मी पाच लिटरची लहान बॅच करतो. दर वेळी नळी भरायला दीडशे मिली लागतात, आणि पाच वेळा मोजलं तर पाऊण लिटर गेलं. परत ओतायचं नाही, कारण त्यात हवा मिसळलेली असते आणि नळीतले जंतूही सोबत येतात. नमुना पिऊन टाकतो, त्यातून चवीची वाटचाल कळते हे खरं, पण पाचातलं पाऊण पिऊन अभ्यास करणं जरा जास्तच होतं.

इथे रिफ्रॅक्टोमीटरने मला भुरळ घातली. दुर्बिणीसारखी हातभर नाही, वीतभर नळी, पुढे तिरकी काच, तिच्यावर झडप. दोन थेंब टाका, झडप मिटा, उजेडाकडे धरा. आत गोल खिडकीत वरती निळं, खाली पांढरं, आणि दोन्हींची सीमा पट्टीवर जिथे येते तो आकडा. साखर जितकी जास्त तितका प्रकाश जास्त वाकतो, एवढंच त्याचं मर्म. आकडा ब्रिक्समध्ये येतो. बॉलिंग, ब्रिक्स, प्लेटो ही नावं सुरुवातीला मला तीन वेगळी मापं वाटली होती. बोहेमियातल्या कार्ल बॉलिंगने १८४३ साली साखरेच्या द्रावणांचे तक्ते काढले, ब्रिक्स आणि पुढे प्लेटो या जर्मनांनी ते आणखी काटेकोर केले. शंभर ग्रॅम द्रावणात किती ग्रॅम साखर, हेच तिघंही सांगतात, आणि त्यांच्यातला फरक विशिष्ट गुरुत्वाच्या दशांशानंतर पाचव्या-सहाव्या घरात पडतो. घरी अंदाजाला १ अंश म्हणजे ४ पॉइंट.

वर्ट करण्याच्या दिवशी याच्यासारखं साधन नाही. मॅश चालू असताना, उकळी चालू असताना, दर दहा मिनिटांनी दोन थेंब. चमच्यात घेऊन क्षणभर थंड होऊ द्यायचे, पण फार वेळ नाही, नाहीतर पाणी उडतं आणि आकडा फुगतो. 'आपोआप तापमान दुरुस्ती' असं त्यावर लिहिलेलं असतं, पण ती साधारण १० ते ३० अंशांपुरतीच. ज्यांवर ब्रिक्सशेजारी विशिष्ट गुरुत्वाचीही पट्टी छापलेली असते, त्यांतल्या स्वस्त उपकरणांवर ती पट्टी सरसकट चारने गुणून बनवलेली असते. जड वर्टला ती साफ चुकते. ब्रिक्सच वाचावं. आणखी एक बारकावा: उपकरण शुद्ध साखरेच्या पाण्यावर बेतलेलं, वर्टमध्ये इतरही पदार्थ विरघळलेले, म्हणून आलेल्या आकड्याला १.०४ ने भागावं लागतं. १२ ब्रिक्स दिसलं तर खरं साडेअकरा, म्हणजे १.०४६.

आणि मग माझी एक बॅच 'अडकली'. १२ ब्रिक्सवरून सुरू झाली, आठवड्यात ६ वर आली आणि थांबली. सहा म्हणजे १.०२४! अर्धी साखर तशीच! फुटलेली बाटली डोळ्यासमोर आली. फर्मेंटर हलवून तळाचं यीस्ट उठवलं. ६. उबदार कोपऱ्यात हलवलं, ब्लँकेट गुंडाळलं. ६. यीस्टचं दुसरं पाकीट टाकलं. ६. असे नऊ दिवस गेले. मित्राला फोन केला, त्याने एकच प्रश्न विचारला.

"मोजलंस कशाने?"

"रिफ्रॅक्टोमीटरने."

"हायड्रोमीटर कुठाय?"

"डब्यात."

"काढ मग."

१.०११. बिअर नऊ दिवसांपूर्वीच झाली होती, मी तिला उगाच ब्लँकेटात घालून बसलो होतो. अल्कोहोलही पाण्यापेक्षा प्रकाश जास्त वाकवतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, अल्कोहोलचा १.३६१. साखर घटली म्हणून सीमारेषा खाली यायला हवी, पण तयार झालेलं अल्कोहोल तिला वर धरून ठेवतं. सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही ब्रिक्स घालून खरा आकडा काढायची सूत्रं आहेत. १२ आणि ६ घातल्यावर १.०११ च्या जवळपासच उत्तर येतं. पण सूत्रावर भिस्त ठेवून बाटल्या भरायचं धाडस माझ्याच्याने होत नाही. हलवून-उघडून हवा लागलेल्या त्या बिअरला पुठ्ठ्यासारखी चव आली. 

तेव्हाच आणखी एक गोष्ट उमगली. हायड्रोमीटरलाही अल्कोहोल फसवतंच, फक्त उलट बाजूने. अल्कोहोलची घनता ०.७८९, पाण्यापेक्षा बरीच हलकी, म्हणून शेवटी नळी जरा जास्तच बुडते. १.०४६ वरून १.०११ म्हणजे ७६ टक्के साखर संपली असं दिसतं, प्रत्यक्षात ६२ टक्क्यांच्या आसपास. पण अल्कोहोलचं प्रमाण काढायची सूत्रं या 'दिसणाऱ्या' आकड्यावरच बेतलेली आहेत, त्यामुळे व्यवहारात अडत नाही. दोन्ही आकड्यांतला फरक गुणिले १३१. इथे साडेचार टक्क्यांच्या वर थोडं. थोडक्यात, एक साधन वजन मोजतं, दुसरं प्रकाशाचं वाकणं, आणि साखर आपण त्यावरून ताडतो.

तिसरं साधन कोन मोजतं. तरंगता डिजिटल हायड्रोमीटर: बोटाएवढी बंद नळी, आत बॅटरी आणि कल मोजणारा सेन्सर. फर्मेंटरमध्ये टाकून द्यायची, ती तिरकी तरंगते, द्रव हलका झाला की कल बदलतो, आकडा फोनवर. नमुना नको, झाकण उघडायला नको. पहिले चार दिवस मी अक्षरशः त्या आलेखात राहायला गेलो. रात्री उठून पाहायचो. पहिले चौदा तास सपाट, मग कडा कोसळल्यासारखी रेघ, सोबत तापमानाची दुसरी रेघ वर चढताना. यीस्ट काम करतं तेव्हा स्वतःची उष्णता बनवतं हे वाचलं होतं, दिसलं तेव्हा.

पाचव्या दिवशी आकडा १.०१६ वर थांबला. या वेळी मी शहाणा झालो होतो, हायड्रोमीटर काढला: १.०१२. झाकण उघडून पाहिलं तर नळीच्या वरच्या टोकाला यीस्टच्या फेसाची टोपी वाळून बसली होती. तेवढ्या वजनाने कल बदलतो. पुढच्या बॅचला हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) टाकले तेव्हा ते तिच्यावरच पसरले आणि बिअर एका रात्रीत सहा पॉइंट 'गोड' झाली. मित्राचा फर्मेंटर स्टीलचा आहे. त्याच्याकडे सिग्नलच बाहेर येईना. हे साधन वाईट नाही. आंबणं सुरू झालं का, जोर कधी ओसरला, हे त्याच्याइतकं छान कोणी सांगत नाही. चार दिवस बाहेर जायचं असेल तर मी आजही ते टाकतो. पण त्याच्या शेवटच्या आकड्यावर बाटली भरणार नाही.

याहून वरचीही साधनं आहेत. काचेची यू आकाराची नळी कंप पावते, आतला द्रव जड तितकी कंपनं मंद. या तत्त्वावरचा पहिला डिजिटल घनतामापक ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या आंतोन पार कंपनीने १९६७ साली आणला, आणि आता त्याची घरगुती लहान भावंडंही मिळतात. काही मिली नमुना पुरतो. एकाकडे वापरून पाहिलं, आकडा देखणा चार घरांपर्यंत आला. पण नमुन्यातला वायू काढायची कटकट तीच. पाच लिटर बिअरसाठी मला एवढ्या अचूकतेची गरज नाही, हे स्वतःला समजावायला दोन दिवस लागले.

घेतला तो आणखी एक हायड्रोमीटर, फक्त ०.९९० ते १.०२० एवढ्याच पल्ल्याचा. सगळ्या खरेदीत हा सर्वांत उपयोगी निघाला. नेहमीच्या तीन-तीन पट्ट्या कोंबलेल्या हायड्रोमीटरवर एक पॉइंट म्हणजे केसाएवढी रेघ. याच्यावर एकेक पॉइंट सुटा, ऐसपैस. सुरुवातीला चुकलं तर बिअर थोडी कडक किंवा सौम्य होते, शेवटी चुकलं तर काच फुटते. म्हणून अचूकपणा शेवटाला हवा. वर्टच्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटर, आणि शेवटी हा. अधल्यामधल्या दिवसांत आता मी मोजतच नाही.

शिवाय पहिल्या दिवशी दोनशे मिली वर्ट वेगळ्या बाटलीत काढून त्यात भरमसाट यीस्ट घालतो आणि तोंडावर फॉइल टाकून उबेत ठेवतो. दोन-तीन दिवसांत ते तळ गाठतं. मोठी बॅच साधारण कुठे थांबणार ते आधीच कळतं, आणि मग 'अडकली की संपली' हा प्रश्न उरत नाही. हे मला कोणी पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर तो ब्लँकेट वाचला असता.

सध्याच्या बॅचच्या लहान बाटलीने १.०११ दाखवलं. मोठ्या फर्मेंटरमधून गुरुवारी नमुना काढला तेव्हा १.०१३ होतं, आज १.०१२. हा एक पॉइंट यीस्टचा की माझ्या डोळ्यांचा, ते परवा पुन्हा मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या आहेत. बाबा येता-जाता त्यांच्याकडे पाहतात आणि विचारतात, "रिपोर्ट आला का?"